फोर्कलिफ्टचा हॉर्न वाजतो, पण ऐकू कुणाला जातो?

पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज आणि गोदामांत गावोगावची माणसं कामाला जात आहेत. तिथे फिरणाऱ्या फोर्कलिफ्टवर कोणता हॉर्न आणि कोणता दिवा हवा, हे दुकानदार सांगेल त्यावर ठरवायचं की पायी चालणाऱ्या माणसाकडे बघून? हंगामाच्या तोंडावर घेतलेला हा आढावा.

नाशिक : द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की निफाड, दिंडोरी, चांदवड तालुक्यांतली पॅकहाऊस रात्री उशिरापर्यंत चालू असतात. पेठ, सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. आजूबाजूच्या गावांतल्या बायका मणी काढायला, पेट्या भरायला बसतात. पोरं कॅरेट उचलायला आणि कंटेनर भरायला लागतात. सिन्नर, दिंडोरी, इगतपुरीच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत आणि गोदामांत तर हे काम बारमाही आहे.

या सगळ्या ठिकाणी एक गाडी सारखी पुढे-मागे करत असते. तिला कुणी फोर्कलिफ्ट म्हणतं, कुणी नुसतं ‘लिफ्ट’. तिच्यावर पिवळा दिवा लुकलुकतो, मागे जाताना ‘पीं पीं’ वाजतं. मालकाला वाटतं सेफ्टी झाली. पण हंगामाच्या चौथ्या दिवशी त्या आवाजाकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. खरा प्रश्न तिथे सुरू होतो.

ही गाडी ट्रॅक्टरसारखी नाही

गावातल्या माणसाला ट्रॅक्टर, पिकअप, जेसीबी यांची सवय असते. त्यामुळे फोर्कलिफ्ट दिसायला लहान वाटते. अडीच टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन साधारण साडेतीन ते चार टन असतं. पुढे उचललेल्या मालाने गाडी तोंडावर पडू नये म्हणून मागे लोखंडाचा भला मोठा ठोकळा बसवलेला असतो. म्हणजे भरलेली गाडी सहा टनांच्या घरात जाते.

दुसरी गोष्ट, ही गाडी मागच्या चाकांनी वळते. ट्रॅक्टर वळताना पुढचं तोंड आधी फिरतं. फोर्कलिफ्ट वळते तेव्हा तिची शेपूट बाहेरच्या बाजूला झपकन फिरते. गाडीच्या शेजारी, मागच्या चाकाजवळ उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. भिंत आणि गाडीचं मागचं अंग यांच्यामध्ये तोच सापडतो.

तिसरी गोष्ट दिसण्याची. पेट्यांची थप्पी माणसाच्या उंचीहून वर गेली की ऑपरेटरला समोरचं काहीच दिसत नाही. अशा वेळी गाडी मागे तोंड करून, म्हणजे रिव्हर्समध्येच चालवायची असा नियम आहे. चढावर मात्र माल चढाच्या बाजूला ठेवावा लागतो. म्हणजे पॅकहाऊसमध्ये रिव्हर्स ही कधीतरी होणारी गोष्ट नाही. अर्धं काम रिव्हर्समध्येच होतं. त्यामुळे रिव्हर्स हॉर्न दिवसभर वाजतो, आणि जो आवाज दिवसभर वाजतो तो कान ऐकायचं सोडून देतो.

चौथी गोष्ट, खाण्याच्या मालाजवळ धूर नको म्हणून पॅकहाऊसमध्ये बहुतेक करून बॅटरीवरच्या गाड्या असतात. डिझेलची गाडी निदान आवाजाने कळते. बॅटरीची गाडी मागे येऊन उभी राहिली तरी कळत नाही.

कायदा पॅकहाऊसलाही लागतो

‘आमचं शेतमालाचं काम आहे, कारखाना थोडाच आहे?’ असं अनेक ठिकाणी ऐकू येतं. हा समज चुकीचा आहे. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये उत्पादन प्रक्रियेची जी व्याख्या होती, तिच्यात विक्रीसाठी किंवा वाहतुकीसाठी माल पॅक करणं आणि कोल्ड स्टोरेजमध्ये माल साठवणं या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या होत्या.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने जुन्या कारखाने कायद्याची जागा घेतली. विजेवर काम चालत असेल आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर ती जागा ‘कारखाना’ ठरते. हंगामात २० माणसं नसलेलं पॅकहाऊस शोधूनच काढावं लागेल. शेतकरी उत्पादक कंपनीने चालवलेलं पॅकहाऊसही याला अपवाद नाही.

या संहितेतल्या काही गोष्टी मजुराने आणि मालकाने दोघांनीही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत :

- कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे.
- प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं आहे.
- कामाच्या जागेवरच्या सुरक्षेबद्दल माहिती मागण्याचा कामगाराला हक्क आहे.
- जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका आहे असं वाटलं तर कामगार ते मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्या कानावर घालू शकतो.
- मालकाने कर्तव्य न पाळल्यामुळे अपघातात मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्या दंडातली निदान अर्धी रक्कम पीडिताच्या वारसांना देण्याचा आदेश कोर्ट देऊ शकतं.

पण सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारणपणे ५०० कामगारांच्या कारखान्यापासून सुरू होते; धोकादायक प्रक्रिया असेल तर २५० पासून. साठ-सत्तर माणसांच्या पॅकहाऊसमध्ये असा जाणकार माणूस नसतो. त्यामुळे हॉर्न कोणता आणि दिवा कोणता, हे मालक, सुपरवायझर किंवा गाडी भाड्याने देणारा ठरवतो. म्हणून ही निवड त्यांना नीट कळायला हवी.

आवाज : मोठा म्हणजे चांगला, असं नाही

पॅकहाऊसच्या आवारात थोडा वेळ उभं राहिलं तरी गोंधळ लक्षात येतो. पिकअप रिव्हर्समध्ये गाणं वाजवतं. टेम्पो ‘पीं पीं’ करतो. ट्रॅक्टरवर स्पीकर चालू असतो. त्यात फोर्कलिफ्टचा हॉर्न. कोणता आवाज कुठून आला हे कळायला मार्ग नाही. गाण्याची धून तर इशारा वाटतच नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. इथे साधी बेरीज-वजाबाकी चालत नाही. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. इशाऱ्याचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबलने जास्त असावा, असं आंतरराष्ट्रीय मानकांत धरतात.

आता हिशेब बघा. कॅरेट आपटण्याचा, पंख्याचा, बोलण्याचा मिळून गोंगाट ७५ डेसिबल आहे असं समजू. म्हणजे माणसाच्या कानापाशी इशारा ९० डेसिबलने पोचायला हवा. हॉर्न एक मीटरवर ९७ डेसिबलचा असेल तर दोन मीटरवर तो ९१ होतो आणि चार मीटरवर ८५. म्हणजे दोन-सव्वादोन मीटरपलीकडे तो गोंगाटात मिसळला. १०७ डेसिबलचा हॉर्न आठ मीटरवर ८९ होतो, म्हणजे जवळपास आठ मीटरपर्यंत पुरतो. बंद शेडमध्ये पत्र्यावरून आवाज परत येतो, त्यामुळे तो एवढा झपाट्याने कमी होत नाही. पण कुठून आला हे कळणं आणखी अवघड होतं.

मग सगळीकडे १०७ चा हॉर्न बसवावा का? नाही. शांत सॉर्टिंग हॉलमध्ये आठ-दहा तास असा हॉर्न वाजला तर डोकी दुखतात. मग काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. चार-सहा दिवसांत कुणीतरी वायर काढून ठेवतो, किंवा भोंग्याच्या तोंडात कापडाचा बोळा घालतो. जास्त मोठ्या आवाजाचा शेवट शून्य आवाजात होतो.

यावर दोन उपाय बाजारात आहेत :

- आपोआप कमी-जास्त होणारा हॉर्न. तो आजूबाजूचा गोंगाट ऐकतो आणि त्यापेक्षा थोडा वर वाजतो. हॉलमध्ये हळू, यार्डात मोठा. एकच गाडी आत-बाहेर करत असेल तर हा चांगला.
- ‘खस् खस्’ आवाजाचा हॉर्न. याला व्हाइट साउंड किंवा ब्रॉडबँड म्हणतात. ‘पीं पीं’ हा एकाच सुराचा आवाज असतो, त्यामुळे तो कोणत्या दिशेने आला हे कान पटकन ठरवू शकत नाहीत. खस् खस् आवाजात अनेक सूर मिसळलेले असतात, त्यामुळे दिशा लगेच कळते. शिवाय गाडीपासून दूर तो लवकर विरतो, म्हणून शेजारच्यांना त्रास कमी होतो. दोन-तीन गाड्या एकत्र चालत असतील तिथे हा जास्त उपयोगी.

गोंगाट किती आहे हे बघायला मोबाइलवर आवाज मोजणारी ॲप असतात. त्यांचा आकडा अगदी पक्का नसतो, पण हॉल आणि यार्ड यांतला फरक त्यावरूनही कळतो. आधी मोजा, मग हॉर्न घ्या.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये लिहिलेली नसते. कोल्ड रूममध्ये जाणाऱ्याच्या डोक्यावर कानटोपी असते. बायकांनी कानावरून स्कार्फ बांधलेला असतो. पोरांच्या कानात इअरफोन असतो. वयस्क माणसाला आधीच कमी ऐकू येतं. ज्याला इशारा द्यायचा त्याचे कानच झाकलेले असतील तर आवाजाच्या जोडीला दिवा लागतोच.

दिवे : कोणता कशासाठी

फोर्कलिफ्टवर साधारण चार प्रकारचे दिवे बसवतात. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

पिवळा लुकलुकणारा दिवा. गाडीच्या छतावर बसतो आणि चारही बाजूंनी दिसतो. ‘इथे गाडी चालू आहे’ एवढंच तो सांगतो. गाडी कोणत्या दिशेला येते आहे हे सांगत नाही. यार्डात, संध्याकाळी, कंटेनरच्या गर्दीत उपयोगी. पण छोट्या पांढऱ्या भिंतींच्या कोल्ड रूममध्ये फार प्रखर दिवा घेतला तर उजेड परत येऊन ऑपरेटरचेच डोळे दिपतात.

निळा ठिपका, म्हणजे ब्लू स्पॉट. हा दिवा गाडीच्या पुढे किंवा मागे तीन ते पाच मीटरवर जमिनीवर निळा ठिपका किंवा बाण पाडतो. गाडी दिसायच्या आधी ठिपका दिसतो. आंधळं वळण, रॅकच्या मधली गल्ली, कोल्ड रूमचं दार इथे याचा खरा फायदा. कोल्ड रूमच्या दाराला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा असतो आणि त्यातून पलीकडचं धड दिसत नाही. पडद्याखालून निळा ठिपका सरकत बाहेर आला की माणूस थांबतो.

बाजूची लाल रेघ. गाडीच्या दोन्ही बाजूंना, हव्या असल्यास मागेही, जमिनीवर लाल रेघ पडते. अर्थ साधा आहे : रेघेच्या आत पाय नको. वर सांगितलेल्या शेपूट फिरण्याच्या धोक्यावर हाच दिवा लागू पडतो. गाडीच्या शेजारी उभं राहून पेट्या लावणारी माणसं असतील तर हा आधी घ्यावा. काही माणसांना लाल-हिरव्या रंगाचा फरक नीट कळत नाही, त्यांना लाल रेघ काळपट दिसते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रत्येकाला ती दाखवून, दिसते का ते विचारावं.

मागचा पांढरा दिवा. हा ऑपरेटरला दिसावं म्हणून असतो. अंधाऱ्या कंटेनरमध्ये याच्याशिवाय काम करू नये.

या सगळ्या जमिनीवर पडणाऱ्या दिव्यांचा एक मोठा दोष आहे. उन्हात ते दिसत नाहीत. दुपारी बारा वाजता उघड्या यार्डात निळा ठिपका शोधूनही सापडत नाही. ओल्या, चकचकीत फरशीवर तो पसरतो. काचेवर धूळ बसली की फिका पडतो. दुकानात अंधार करून दाखवलेला दिवा आपल्या शेडमध्ये भर दुपारी कसा दिसतो, हे बघूनच पैसे द्यावेत.

तीन सेकंदांचा हिशेब

निळा ठिपका पाच मीटर पुढे पडतो म्हणजे नेमका किती वेळ मिळतो? गाडी ताशी १० किलोमीटरने चालली तर ती एका सेकंदाला पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. म्हणजे ठिपका दिसल्यापासून गाडी येईपर्यंत पावणेदोन सेकंद. हातात कॅरेट असलेल्या बाईने ठिपका बघायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि थांबायचं, यात एक-दीड सेकंद सहज जातो. उरलं काय?

तीच गाडी ताशी ६ किलोमीटरने चालवली तर तीन सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात माणूस थांबतो आणि एक पाऊल मागेही येतो.

ऑपरेटरने ब्रेक मारावा, असंही म्हणता येत नाही. भरलेली गाडी करकचून थांबवली तर काट्यांवरचा माल पुढे घसरतो किंवा गाडीच कलंडते. म्हणजे वेग आवरला नाही तर महागडा दिवाही कामाचा नाही. दिव्यावर पैसे खर्च करण्याआधी गाडीचा वेग बांधून घ्यावा. बऱ्याच बॅटरी गाड्यांमध्ये सर्व्हिसवाला ही मर्यादा बसवून देऊ शकतो, आणि तिला नवा सुटा भाग लागत नाही.

जागा बघून निवड

एकाच पॅकहाऊसमध्ये चार वेगवेगळ्या जागा असतात. प्रत्येकीची गरज वेगळी.

उघडं यार्ड. ऊन, धूळ, ट्रॅक्टर-पिकअपची गर्दी. इथे जमिनीवरचे दिवे दिवसा कुचकामी. पिवळा दिवा आणि मोठा किंवा आपोआप वाढणारा हॉर्न हवा. पिकअपवाल्यांना गेटवरच गाणी बंद करायला सांगावं, म्हणजे फोर्कलिफ्टचा आवाज वेगळा कळेल.

सॉर्टिंग हॉल. बायका खाली मान घालून काम करत असतात, पाठ रस्त्याकडे असते. इथे सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे फोर्कलिफ्ट आत येऊच नये. हॉलच्या तोंडापर्यंत माल हँड पॅलेटने आणावा. गाडी आणावीच लागली तर कमी आवाजाचा खस् खस् हॉर्न आणि लाल रेघ.

कोल्ड रूम आणि प्री-कूलिंग. शून्य ते चार अंशांच्या आसपास थंडी, पंख्यांचा घरघराट, कानटोप्या. इथे आवाजावर विसंबता येत नाही, निळा ठिपका मुख्य. गाडी थंडीतून बाहेर आली की दिव्याच्या काचेवर बाष्प धरतं. म्हणून पाणी-धूळ आत न जाणारा दिवा घ्यावा. खोक्यावर ‘आयपी ६५’ किंवा ‘आयपी ६७’ लिहिलेलं असतं. पहिला आकडा ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ५ म्हणजे पाण्याची धार सोसतो, ७ म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो.

कंटेनर भरण्याची जागा. बाहेर लख्ख ऊन, आत अंधार. ऑपरेटर आतून बाहेर येतो तेव्हा काही क्षण त्याला धड दिसत नाही. इथे मागचा पांढरा दिवा आणि रिव्हर्स हॉर्न दोन्ही हवेत. ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनर सहसा इथेच गाडीच्या मागे घुटमळतात. त्यांना बसायला वेगळी जागा ठरवून द्यावी.

बसवताना होणाऱ्या चुका

वस्तू चांगली घेऊनही बसवण्यात घोटाळे होतात. बॅटरी गाडी २४, ३६, ४८ किंवा ८० व्होल्टवर चालते. त्यावर मोटारसायकलच्या दुकानातला १२ व्होल्टचा दिवा थेट जोडला तर तो जळतो, कधी वायरिंगही जळतं. गाडीच्या व्होल्टचा दिवा घ्यावा किंवा मध्ये कन्व्हर्टर लावावा, आणि फ्यूज हवाच.

ऑपरेटरच्या डोक्यावर जी लोखंडी जाळी असते ती वरून पडणाऱ्या मालापासून त्याला वाचवते. दिवा बसवायला तिला भोकं पाडणं किंवा वेल्डिंग करणं म्हणजे तिची ताकद घालवणं. पट्टी आणि क्लॅम्पने दिवा बसवावा, किंवा कंपनीच्या माणसाकडून काम करून घ्यावं.

इशारा बटणावर ठेवू नये. रिव्हर्सचा हॉर्न रिव्हर्सच्या गिअरला, दिवे किल्लीला जोडलेले असावेत. बटण असलं की ते बंद राहतं. आणि गाडी विकत घेतानाच कंपनीने हॉर्न बसवून दिला असेल तर तो काढू नये.

आजकाल कॅमेरा आणि माणूस जवळ आला की वाजणारे सेन्सरही मिळतात. मोठ्या गोदामांत त्यांचा उपयोग आहे. पण पॅकहाऊसच्या गर्दीत चार बाजूंना माणसं असतात, तिथे सेन्सर सतत वाजतो आणि पुन्हा तीच गत होते : वाजणाऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही.

इशारा कुणाचा?

या विषयातला सर्वांत अवघड भाग यंत्राचा नाही, माणसांच्या साखळीचा आहे. गाडी भाड्याची असते. ऑपरेटर गाडीमालकाने पाठवलेला. बायका मुकादमाने आणलेल्या. पोरं ठेकेदाराची. कंटेनर ट्रान्सपोर्टवाल्याचा. पॅकहाऊसचा मालक म्हणतो, गाडीचं गाडीवाला बघेल. गाडीवाला म्हणतो, जागा तुमची. मुकादम म्हणतो, मी माणसं दिली, पुढचं मला माहीत नाही. वायर निघालेला हॉर्न या सगळ्यांच्या मध्ये तसाच लोंबकळत राहतो.

भाड्याने गाडी घेताना कागदावर डिझेल, तास आणि रुपये लिहिले जातात. त्यातच दोन ओळी वाढवता येतात : हॉर्न आणि अमुक दिवे चालू स्थितीत असतील, रोज सकाळी गाडीवाला आणि पॅकहाऊसचा सुपरवायझर दोघं मिळून तपासतील. बंद असेल तर गाडी उभी राहील. दोन ओळींना पैसे पडत नाहीत. अपघात झालाच तर जबाबदारी कुणाची, हेही त्यातून ठरतं.

टोळीतल्या माणसांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. अनेकांनी फोर्कलिफ्ट आयुष्यात पहिल्यांदा इथेच पाहिलेली असते. निळा ठिपका दिसला तर थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. न सांगितलेला दिवा म्हणजे नुसती रोषणाई. पहिल्या दिवशी दहा मिनिटं काम थांबवून गाडी सगळ्यांसमोर फिरवावी. ठिपका कुठे पडतो, रेघ कुठे पडते, शेपूट किती फिरते हे दाखवावं. खडूने जमिनीवर आखलं तर आणखी चांगलं. जी बोली टोळी बोलते त्याच बोलीत सांगावं. नवी टोळी आली की पुन्हा.

आधी रस्ता, मग दिवा

दिवा आणि हॉर्न हे शेवटचे उपाय आहेत. गाडी आणि माणूस एकाच वाटेवर येतात म्हणून त्यांची गरज पडते. वाटा वेगळ्या केल्या तर निम्मं काम तिथेच होतं. पिवळ्या पट्ट्याने माणसांची वाट आखावी, वळणावर मोठा गोल आरसा लावावा, पाण्याचा माठ आणि बाथरूम गाडीच्या वाटेच्या पलीकडे ठेवू नये. माठ चुकीच्या जागी असेल तर साठ बायका दिवसातून चार वेळा गाडीच्या वाटेवरून जातात. माठ हलवला की रोजच्या दोन-अडीचशे खेपा त्या वाटेवरून कमी झाल्या. एवढं काम कोणताही दिवा करू शकत नाही.

त्यानंतर जे धोक्याचे कोपरे उरतील त्यांच्यासाठी दिवा निवडावा. निवडताना गाडीच्या सीटवर बसून बघू नये. कोल्ड रूमच्या दारात कानटोपी घालून, हातात कॅरेट घेऊन उभं राहावं आणि गाडी यायला सांगावं. गाडी दिसायच्या आधी इशारा कळला तर वस्तू बरोबर आहे. नाही कळला तर किंमत कितीही असो, ती परत करावी.

कामाला जाणाऱ्याने पहिल्या दिवशी विचारावं

- गाडीची वाट कोणती, आपली कोणती?
- गाडीचा हॉर्न आणि दिवे एकदा चालू करून दाखवाल का?
- निळा ठिपका किंवा लाल रेघ दिसली तर काय करायचं?
- हॉर्न किंवा दिवा बंद दिसला तर कुणाला सांगायचं? त्याचा मोबाइल नंबर कोणता?
- नेमणूक पत्र कधी मिळेल? कामावर इजा झाली तर भरपाई मागताना हा कागद उपयोगी पडतो.

आणि तीन गोष्टी स्वतः पाळायच्या : गाडी चालू असताना कानात इअरफोन नको, गाडीच्या शेजारी मागच्या चाकाजवळ उभं राहायचं नाही, आणि वर उचललेल्या काट्यांखालून कधीही जायचं नाही.

धोका कानावर घालूनही कुणी लक्ष देत नसेल तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार करता येते. हॉर्न बंद असलेल्या गाडीचा तारखेसह काढलेला मोबाइलमधला व्हिडिओ अशा वेळी उपयोगी पडतो.

द्राक्षाच्या एका पेटीवर कुठे डाग आहे का हे बघायला चार माणसं असतात. पेट्या वाहणाऱ्या गाडीचा हॉर्न चालू आहे का, हे बघायला रोज सकाळी एक माणूस आणि पाच मिनिटं पुरतात. हंगाम संपेपर्यंत तो माणूस कोण, हे पहिल्या दिवशी ठरवून फळ्यावर नाव लिहून ठेवावं.